टाळूवरचं पांढरं

ज्या दिवशी मला पक्कं वाटलं की आपण आता मरणार, त्या दिवशी शाळेत घटक चाचणी होती. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या संडासात जाऊन कडी लावली, दातांची प्लेट काढली आणि मोबाईल तोंडाशी धरून आतला फोटो काढला. टाळूच्या मधोमध, प्लेट जिथं चिकटून बसते बरोबर तिथं, पांढरं होतं. नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखं. बोटानं खरवडलं तर निघालं, आणि खाली लालभडक. बोटाला रक्त लागलं. मग घंटा झाली, आणि मी तोंड धुऊन, प्लेट बसवून वर्गात जाऊन पेपर वाटले.

माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. तोंडात एक पांढरा डाग.

मी अर्चना. माहेर लातूर, सासर नांदेड. खाजगी शाळेत मराठी शिकवते. नवरा दीपक सरकारी ऑफिसात क्लार्क, मुलगी ओवी तिसरीत. वडील, म्हणजे अण्णा, बसवर कंडक्टर होते आणि तंबाखूची पुडी चोवीस तास खिशात. अकरा वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरनं गेले. शेवटी शेवटी नळीतून पेज घालावी लागायची. आईनं सगळं केलं, त्यांचं तोंड धुणं, जखमेचं पाणी पुसणं, सगळं. तो वास मला अजून येतो.

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, ती म्हणजे अण्णांनी लपवलं. दोन महिने डाग घेऊन फिरले, कुणाला सांगितलं नाही, म्हणून हातचे गेले. मावशी हेच म्हणायची, भाऊ हेच म्हणायचा. मला अण्णांचा लई राग होता, खोटं कशाला बोलू. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागवले. दरवर्षी वर्गात तंबाखूवर बोलायची वेळ आली की पोरांना सांगायची, माझ्या वडिलांनी लपवलं, तुमच्या घरात कुणाला लपवू देऊ नका.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय.

हौस

मी तंबाखूला कधी शिवले नाही. माझ्या तोंडात जे गेलं ते हौसेनं गेलं. माझे पुढचे दात एकावर एक चढलेले. लहानपणापासून हसताना तोंडावर हात. पस्तिशी गाठल्यावर धाडस केलं, दीड वर्ष तारा लावल्या. सासरची एक बाई म्हणालीसुद्धा, आता दात सरळ करून काय दुसरं लग्न करायचंय का. म्हणू दिलं. तारा निघाल्या आणि मॅडमनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, ही प्लेट दिली. गुलाबी प्लास्टिकची, वरच्या टाळूला घट्ट बसणारी, पुढून एक बारीक तार. सरळ झालेले दात परत मूळ जागी सरकू नयेत म्हणून ती जेवणं सोडून सारखी घालायची.

ती देताना मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. रोज दोनदा मऊ ब्रशनं घासा, काढली की स्वच्छ पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. मी मान हलवली. सगळं ऐकलं, फक्त पाणी बदला एवढं कानात शिरलं नाही.

ते का शिरलं नाही हे लातूरच्या माणसाला सांगावं लागणार नाही. आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दहा-दहा दिवस पाणी नसायचं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी झाडाला. पाहुण्याला अर्धा पेला, लागलं तर अजून अर्धा. आमच्या पेल्यात घोट राहिला तर तो पिल्याशिवाय आई उठू द्यायची नाही. लग्न होऊन नांदेडला आले, इथं गोदावरी, पाण्याची तेवढी मारामार नाही. पण हाताला लागलेली सवय जात नाही. दीपक चिडवतो, लातूरची माणसं रडतानासुद्धा खाली वाटी धरतात.

तर प्लेटच्या वाटीतलं पाणी मी फेकत नव्हते. कमी झालं की वरून घालायची. त्यात काय कुणी पाय धुतले होते का? आठवड्यानं गढूळ दिसलं की कढीपत्त्याला ओतायची आणि वाटी तशीच परत भरायची. आतून ती बुळबुळीत लागायची, मला वाटायचं क्षार असतील. ब्रशही वरच्यावर फिरवायची, कारण नळ सुरू ठेवून घासत बसणं माझ्या जिवावर यायचं. त्यातच मागच्या महिन्यात खोकला झाला म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून मनानंच कोर्स केला होता.

हे सगळं आता सांगते. तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं, डोक्यात फक्त अण्णा होते.

झाकलं की नव्हतंच

मी कुणाला सांगितलं नाही. तीन आठवडे.

का नाही सांगितलं? सांगितलं की ते खरं होईल असं वाटायचं. प्लेट घातली की टाळू झाकला जायचा, आणि झाकलं की नव्हतंच. म्हणून मी प्लेट काढायचीच बंद केली. जेवतानासुद्धा तोंडात. ब्रश करायचा तर न्हाणीघराची कडी लावून. ठेचा सोडला, मग तिखट भाजी सोडली, मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. तीही आग करायची. ब्लाऊज सैल झाले. मन चिंती ते वैरी न चिंती. वजन उतरलं तर मी म्हणायची, बघ, अण्णांचंही असंच उतरलं होतं. कमी खाऊन वजन उतरतं हे सातवीच्या पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं.

मीठ लावून टाळू घासला. रक्त आलं की अजून घासला. मोबाईलवर एकदा शोधलं, पहिलाच फोटो बघितला आणि मोबाईल पालथा घातला.

दीपकला वाटलं मला गर्व झाला. तो जवळ आला की मी तोंड फिरवायची, बोलायची तर दोन शब्द. एक दिवस तो म्हणाला की दात सरळ झाल्यापासून तुझं बोलणंच महाग झालंय. मी त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्याची काय चूक होती? पण माझं चित्तच ठिकाणावर नव्हतं. मी सारखा एकच हिशोब करून राहिले होते. अण्णा डाग दिसल्यापासून दीड वर्ष टिकले. दीड वर्षानं ओवी पाचवीत असणार. पाचवीतल्या पोरीला काय काय यायला पाहिजे?

पहिली गोष्ट, स्वतःची वेणी. ओवीचे केस दाट आहेत, दोन वेण्या मीच घालते. मी तिला आरशासमोर बसवून शिकवायला लागले. चार दिवस रोज. तिचा हात मागं पुरेना, भांग वाकडा, पेड सुटायचे. चौथ्या दिवशी मी तिच्या हातावर फणी मारली. ती रडायला लागली, म्हणाली, तूच घाल ना, तू तर हायेसच की.

"मी काय जन्माला पुरणार हाय का तुला?" मी ओरडले.

आठ वर्षांच्या लेकराला. ती रडायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. मग गुमान फणी उचलून स्वतःची वेणी घालायला लागली. वाकडीतिकडी, पण घातली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबला. तो टाळूला लागला आणि अजून ठणकलं. त्या दिवसाबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

आ कर

आई लातूरला भावाकडं असते. दर शुक्रवारी तिचा फोन ठरलेला असतो. त्या शुक्रवारी तिनं पहिलंच विचारलं, तोंडात काय ठेवून बोलून राहिलीस? मी म्हणलं काही नाही, तोंड आलंय, उष्णता झाली असेल, लोणी लावते, जाईल.

पलीकडून फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा करून मी घरी आले तर आई दारापुढच्या पायरीवर पिशवी घेऊन बसलेली. लातूरहून पहिली बस धरून आली होती. न कळवता ती कधी आली नव्हती. मी म्हणलं, अगं, आत तर चल. ती उठली, माझी हनुवटी धरली.

"आ कर."

शेजारीण गॅलरीतून बघत होती. मी म्हणलं, आधी घरात तर जाऊ.

"आ कर म्हणते ना."

मी प्लेट काढली आणि तोंड उघडलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा दुसऱ्या माणसानं ते बघितलं. आईनं माझी मान उजेडाकडं वळवली आणि बराच वेळ बघितलं. मग ती एवढंच म्हणाली की दवाखान्यात चल, आत्ताच्या आत्ता. मी ओवीचं, जेवणाचं काहीतरी बोलायला गेले तर तिनं मला दंडाला धरून खाली उतरवलंच.

फोन केल्यावर दीपक थेट दवाखान्यात आला. आईनं त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याशेजारी बाकावर बसला. समोर टीव्हीवर कुणीतरी पुरणपोळी करत होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "तीन आठवडे. मग मी कोण हाय या घरात?"

नंबर आला म्हणून सुटले.

दोन आठवडे

मॅडमनी टाळू बघितला, दाबला, काडीनं खरवडून निघालेलं तपासायच्या काचेवर घेतलं. मग प्लेट मागितली. नाकाशी नेली, आतून नख फिरवलं आणि विचारलं की ही ठेवता कशी. मी सांगितलं. त्यांना कळेना. पाणी फेकत नाही म्हणजे? मी परत सांगितलं. माझ्याआधी आईच बोलली, अगदी गंभीरपणे, की बाई, चांगलं पाणी कसं फेकायचं?

मॅडम आमच्या दोघींकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ही बुरशी दिसते. शिळ्या भाकरीवर धरते तशीच, तोंडातली. गोळ्यांच्या कोर्सनं तिला जागा मोकळी मिळाली, वाटीत ती वाढली, आणि तुम्ही प्लेट न काढता तिला चोवीस तास टाळूवर दाबून ठेवलं. रक्तातली साखरही तपासून घ्या, साखर वाढली तरी हे होतं.

मला हायसं वाटलं. पण त्या थांबल्या नाहीत. "वडिलांचं सांगितलंत म्हणून मी काही हातचं राखून बोलत नाही. काचेवर बुरशी दिसली तरी तिच्याखाली दुसरं काही नाही हे आज सांगता येत नाही. दोन आठवडे औषध घ्या. साफ गेलं तर बुरशीच होती. राहिलं तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

आधीचं सगळं मी विसरले. तुकडा काढणे एवढंच घेऊन घरी आले. अण्णांचाही पहिल्यांदा तुकडाच काढला होता. साखर बरोबर निघाली, काचेवर बुरशी निघाली. तरी माझी भीती जाईना, कारण खाली काय आहे ते काचेला कुठं माहीत होतं?

आई राहिली. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब तोंडात धरायचे, लगेच गिळायचे नाहीत. ओवी समोर बसून बोटांवर दोन मिनिटं मोजायची आणि मध्येच मुद्दाम विसरून परत एकपासून सुरू करायची. मग अर्धा तास पाणीसुद्धा नाही. प्लेट रात्री तोंडात घालायची नाही. सकाळ-संध्याकाळ भांड्याच्या साबणाचा थेंब घालून वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशनं घासायची, आतून, बाहेरून, तारेच्या कोपऱ्यात. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. मॅडमनी दिलेल्या औषधी पाण्यात सांगितला तेवढा वेळ बुडवायची, धुवायची, आणि ठेवायची ती रोज घासलेल्या वाटीत, रोजच्या ताज्या पाण्यात.

पहिल्या दिवशी मी नळाची बारीक धार सोडून घासायला लागले. आई मागं उभी होती. तिनं हात पुढं घातला आणि नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो मोरीत जाऊन राहिलं. मी नळ बंद करायला गेले तर तिनं माझा हात धरला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "जाऊ दे ते पाणी."

माझ्या आईनं नळ तसा सोडलेला मी जन्मात बघितला नव्हता. ती दुसरीकडं तोंड करून उभी राहिली, पण नळ बंद करू दिला नाही. रोज सकाळ-संध्याकाळ वाटीतलं पाणी तीच मोरीत ओतायची. कढीपत्त्यालाही घालायची नाही.

पाचव्या दिवशी आग कमी झाली. सहाव्या दिवशी सकाळी परत पांढरा ठिपका दिसला आणि मी संडासात जाऊन ओकले. शाळेला रजा टाकली. नवव्या दिवशी पांढरं नव्हतं, पण लाल होतं, आणि लालाची मला जास्त भीती वाटायला लागली. दवाखान्यातून आल्यापासून दीपक माझ्याशी धड बोलला नव्हता. त्या दिवशी तो जोंधळ्याची आंबील कोमट करून घेऊन आला, शेजारी बसला आणि म्हणाला, डोंगर तर आपण लई पोखरला, आता देवा, उंदीरच निघू दे. आम्ही दोघं हसलो आणि हसता हसता मी रडायला लागले. मी त्याला सांगितलं की माझ्यामागं ओवीला वसतिगृहात टाकू नको. त्यानं उठून आंबिलीची वाटी विसळली आणि परत येऊन बसला. असलं बोलू नको म्हणाला नाही. त्यालाही भीती होती.

आई या दोन आठवड्यांत अण्णांचं नाव काढत नव्हती. मी काढलं की उठून जायची.

विचारून ये

पंधराव्या दिवशी मॅडमनी बॅटरी धरून टाळू बघितला. बोट फिरवलं. सगळीकडून परत बघितलं. म्हणाल्या, गेलं. साफ आहे. तुकडा वगैरे काही काढायचा नाही. मी खुर्चीतच रडले. दीपकनं खिशातून रुमाल काढला तो स्वतःच्याच डोळ्यांना लावला. मग ओवीला शाळेतून आणतो म्हणून जवळजवळ पळतच बाहेर गेला.

आई बाहेर बाकावर होती. मी तिला सांगितलं, आई, गेलं. बुरशीच होती. तिनं मान हलवली. मला वाटलं होतं ती कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढेल. तिनं मला हाताला धरून शेजारी बसवलं.

"तुझ्या अण्णांनी लपवलं न्हवतं," ती म्हणाली.

मला कळेना.

"पहिल्याच दिवशी मला दाखवलं त्यांनी. मी म्हणलं तोंड आलंय, उष्णता हाय. दोन महिने लोणी लावलं मी माझ्या हातानं. ते म्हणायचे दवाखान्यात जाऊ. मी म्हणायचे कशाला, जाईल की." तिनं पदर मुठीत धरला. "नंतर समदे इचारायला लागले तर तेच म्हणले, मीच लपवलं. मला बोलूच दिलं न्हाई. अन् तू त्या दिवशी फोनवर तेच म्हणलीस. तोंड आलंय, लोणी लावते."

अकरा वर्षं. मी अकरा वर्षं त्या माणसावर रागवून होते. किती वर्गांना सांगितलं असेल मी. आणि घरात हा विषय निघाला की आई गप्प ऐकायची.

मला तिच्यावर रागवायचं होतं. खरंच होतं. पण तिच्याकडं बघितलं आणि जमलं नाही. ती म्हणाली, आत जा आणि मॅडमला विचार, तवाच दाखवलं असतं तर वाचले असते का? मी म्हणलं, आता विचारून काय करतेस, वरातीमागून घोडं. तिनं ऐकलं नाही. विचारून ये म्हणाली. ती स्वतः आत यायला तयार नव्हती.

मी आत गेले. मॅडम दुसऱ्या पेशंटची तयारी करत होत्या. मी विचारलं. त्यांनी हातातलं खाली ठेवलं आणि सांगितलं की न बघितलेल्या माणसाबद्दल खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, पण तोंडाच्या बाबतीत दोन महिने फार असतात. लवकर आले असते तर आशा बरीच होती.

मी त्यांचे आभार मानले. मग बाहेर आले.

"न्हाई म्हणल्या," मी आईला सांगितलं. "पहिल्या दिवशी दाखवलं असतं तरी वाचले नसते."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडायला लागली. बाकावरची माणसं बघायला लागली. मी तिला धरून बसले, बघू दिलं त्यांना.

प्लेट वापरणाऱ्यांनो, पाणी रोज फेका, वाटी रोज घासा, आणि तोंडात काही दिसलं तर दुसऱ्या दिवशी दाखवा. लोणी लावू नका, झाकू नका, माझ्यासारखं आणि आमच्या घरासारखं करू नका. हे सांगायचं म्हणून सगळं लिहिलं, तेही खरं खरं. लिहू शकले कारण आईला वाचता येत नाही. लातूरला आमच्या गल्लीत कुणाच्या हाती हे पडलं, तर तेवढं तिला वाचून दाखवू नका.